पहिल्या आठवड्याचे वैद्यक

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. करोनातून उठलेला माणूस आठ-पंधरा दिवसांनी गाल दुखतो म्हणू लागे. मग डोळा सुजे, पापणी उचलेनाशी होई, वरचे दात हलू लागत. २० मे २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सांगितले की, साथरोग कायद्याखाली या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची करा. जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ४ हजारांहून अधिक दगावले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात होते, ९ हजारांच्या वर. जे वाचले त्यांतल्या अनेकांनी एक डोळा, वरचा जबडा किंवा टाळूचा भाग गमावला.

साथ ओसरली तशी चर्चाही ओसरली आणि मागे एक समज उरला : हा करोनाचा आजार होता, करोनाबरोबर गेला. तो समज चुकीचा आहे आणि घातकही आहे. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत शिरून हाड, डोळा आणि मेंदूपर्यंत पोहोचणारी बुरशी करोनाच्या आधी आपल्याकडे होती, आजही आहे. साखर अनियंत्रित असलेल्या, रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या, मूत्रपिंड बदललेल्या, महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या खाणाऱ्या माणसाला ती आज, या आठवड्यातही गाठू शकते. अशा रुग्णाचे भवितव्य बहुतेक वेळा मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. त्याच्या आधीच्या सहा-सात दिवसांत, गल्लीतल्या दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत किंवा चष्म्याचा नंबर काढायला गेलेल्या ठिकाणी ते ठरते. त्या पहिल्या आठवड्यात कोणाला तरी शंका यावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे. अधिक काही सांगण्यापूर्वी या विषयाचा पूर्ण नकाशा वाचकासमोर ठेवणे हे प्रस्तावनेचे काम आहे.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या हाडांत, भुवयांच्या वर, डोळ्यांच्या मधोमध आणि कवटीच्या तळाशी हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच आपण सायनस म्हणतो. श्वासाबरोबर बुरशीचे बीजाणू त्यांच्यात रोज जातात. माती, शेणखत, कुजलेला पाला, शिळा पाव, गोदामातले धान्य अशा सगळ्या ठिकाणी बुरशी आहे आणि तिच्यापासून पूर्णपणे दूर राहणे कोणालाच शक्य नाही. निरोगी माणसाच्या नाकातला ओलावा, सूक्ष्म केस आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी हे बीजाणू निकालात काढतात. त्यामुळे 'नाकात बुरशी सापडली' या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. ती बुरशी कुठे आहे, पोकळीतल्या चिकट द्रवात की पेशीजालाच्या आत, या प्रश्नावर संपूर्ण शास्त्र उभे आहे.

या प्रश्नाच्या उत्तरावरून आजाराचे दोन मोठे गट पडतात. पहिल्या गटात बुरशी पेशीजालात शिरत नाही. एका सायनसमध्ये बुरशीचा गोळा साठतो आणि तो दुर्बिणीतून काढला की बहुधा काम संपते. किंवा बुरशीची ॲलर्जी होऊन घट्ट, शेंगदाण्याच्या कुटासारखा स्राव आणि पॉलिप तयार होतात. हे आजार त्रासदायक आहेत, वर्षानुवर्षे छळतात, पण ते वेगळे. दुसरा गट आक्रमक बुरशीचा आणि त्याचे तीन प्रकार आहेत. तीव्र प्रकार दिवसांच्या हिशेबात पसरतो. चार आठवड्यांच्या आतला तो तीव्र, असा सर्वसाधारण संकेत आहे. बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदते, आत गुठळी होते, पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते आणि तो भाग मरतो. जुनाट प्रकार महिन्यांच्या गतीने हाड पोखरतो. तिसऱ्या प्रकारात शरीर बुरशीभोवती गाठीसारखी सूज उभी करते. सुदानसारख्या उष्ण, कोरड्या प्रदेशांतून त्याचे वर्णन प्रथम ठळकपणे पुढे आले. १९६९ मध्ये मिलोशेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सतरा रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. उत्तर भारतातही हा प्रकार आढळतो आणि त्यामागे बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी असते. या प्रकाराचे अनेक रुग्ण एरवी धडधाकट असतात. डोळा हळूहळू पुढे येतो आणि गाठ कर्करोगाची असावी असे वाटते.

हे तीन प्रकार वेगळे ओळखण्याला महत्त्व आहे, कारण त्यांची घाई वेगळी आहे. जुनाट प्रकारात तपासण्यांसाठी काही दिवस घालवणे परवडते. तीव्र प्रकारात एक रात्रही महाग पडते. डोळ्याची खोबण आणि नाकाच्या मधल्या पोकळ्या यांच्यात कागदासारखे पातळ हाड आहे आणि कवटीच्या तळाशीही फार जाड भिंत नाही. शेजाऱ्याच्या घरी लागलेली आग आपल्या घरात यायला जेवढा वेळ घेते, त्याहून या आजाराला फार वेळ लागत नाही.

म्युकरमायकोसिसची, म्हणजे थोडक्यात म्युकरची, ओळख वैद्यकाला सव्वाशेहून अधिक वर्षांपासून आहे. १८८५ मध्ये आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी शरीरभर पसरलेल्या म्युकरचे वर्णन शवविच्छेदनातून मांडले. पुढची अनेक दशके हे निदान मृत्यूनंतरच होत राहिले. १९४३ मध्ये ग्रेगरी, गोल्डन आणि हेमेकर या तिघांनी अमेरिकेत तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाकापासून डोळ्यात आणि डोळ्यापासून मेंदूत जाणारा हा मार्ग, आणि त्याचे मधुमेहातल्या आम्लतेशी असलेले नाते त्या लेखाने स्पष्ट केले. १९५५ मध्ये हॅरिस यांनी बरा झालेल्या एका रुग्णाची नोंद केली, तेव्हा यातून माणूस वाचू शकतो याचा पहिला भक्कम पुरावा मिळाला. त्याच सुमारास व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून मिळालेल्या एका जीवाणूपासून अँफोटेरिसिन बी हे औषध वेगळे करण्यात आले आणि दशक संपता संपता ते वापरात आले. आज जवळपास सत्तर वर्षांनंतरही म्युकरवरचे पहिले औषध तेच आहे.

अँफोटेरिसिन बुरशीला मारते, तसे मूत्रपिंडालाही इजा करते. म्हणून औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत किंवा कोशांत बांधून देण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे आणि तो मराठी वाचकाला माहीत असायला हवा. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या डॉ. बी. के. बछावत यांच्या गटाबरोबर लायपोसोमल अँफोटेरिसिनचे भारतीय रूप विकसित केले. प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा तो प्रवास सार्वजनिक रुग्णालयात झाला, हे विशेष. आपल्याकडे परवडणारे औषध आपल्याच माणसांनी घडवावे लागते, हा धडा त्यांनी २०२१ च्या कितीतरी आधी दिला होता.

शस्त्रक्रियेचा इतिहासही असाच दोन टप्प्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉल्डवेल आणि ल्युक यांनी ओठाखालून गालाच्या सायनसमध्ये शिरण्याचा मार्ग दाखवला आणि पुढे अनेक दशके कान-नाक-घसा तज्ज्ञांचे हात त्याच वाटेने चालले. मग हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या दुर्बिणीने नाकाच्या आत प्रकाश नेला. ऑस्ट्रियात मेसरक्लिंगर व श्टामबर्गर यांनी आणि अमेरिकेत केनेडी यांनी १९८० च्या दशकात दुर्बिणीतून सायनसची शस्त्रक्रिया रूढ केली. आज मृत भाग नेमका काढणे, तीन दिवसांनी पुन्हा पाहणे आणि गरज पडल्यास पुन्हा काढणे शक्य झाले आहे ते या दुर्बिणीमुळे.

वर्गीकरणाचा वाद मात्र बराच काळ चालला. १९६५ मध्ये होरा यांनी आक्रमक आणि अनाक्रमक असा पहिला स्पष्ट भेद केला. १९९७ मध्ये डीशाझो आणि सहकाऱ्यांनी आक्रमक गटाचे तीन प्रकार सुचवले. २००९ मध्ये चंडीगडच्या पीजीआयमधले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी व्याख्यांची नीट मांडणी केली. या पुस्तकातही तीच मांडणी वापरली आहे. नवख्या वाचकाने जुन्या पुस्तकांत वेगळी नावे पाहिली, तर गोंधळून जाऊ नये. आजार तेच आहेत, त्यांची विभागणी बदलत गेली आहे.

चक्रवर्ती यांच्याच केंद्रातून आलेले आकडे या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलतात. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत त्या एका रुग्णालयात म्युकरचे १२९ रुग्ण होते. त्यानंतरच्या पाच वर्षांत १७८. त्याच्या पुढे अवघ्या अठरा महिन्यांत ७५. म्हणजे वर्षाला तेराच्या आसपास असलेली संख्या पन्नासवर गेली आणि तेव्हा करोना कोणाच्या स्वप्नातही नव्हता. करोनापूर्वीच भारतातल्या बारा केंद्रांच्या एकत्र अभ्यासात ४६५ रुग्णांपैकी ७३.५ टक्के मधुमेही निघाले. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने कर्करोग आणि अवयवरोपणाच्या रुग्णांत दिसतो. आपल्याकडे तो साखरेच्या मागे चालतो. कित्येकांना तर मधुमेह असल्याचे म्युकरमुळेच प्रथम कळते.

साखर आणि बुरशी यांचे नाते नेमके कसे जुळते, हे गेल्या दोन दशकांत उलगडले. रक्तातली साखर फार वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. आम्लता वाढली की रक्तातल्या प्रथिनाने घट्ट धरून ठेवलेले लोह सुटे होते आणि म्युकर गटातल्या ऱ्हायझोपस या बुरशीला नेमके लोहच हवे असते. शिवाय साखर आणि लोह वाढलेल्या स्थितीत रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी ७८ नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात उमटते आणि बुरशी त्याला धरूनच आत शिरते. लोह कमी करणारी गोळी दिली तर फायदा होईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली होती. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेफेरासिरॉक्स घेतलेल्या गटातच मृत्यू अधिक झाले. प्रयोगशाळेतली सुंदर कल्पना रुग्णाच्या खाटेशी तपासल्याशिवाय वापरू नये, हे या विषयाने फार किंमत मोजून शिकवले आहे.

२०२१ ची साथ या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. त्या वेळी अनेक कारणे सांगितली गेली : औद्योगिक ऑक्सिजन, ऑक्सिजन ओलावण्यासाठी नळाचे पाणी भरलेल्या बाटल्या, जस्ताच्या गोळ्या, एकच मास्क अनेक दिवस वापरणे. यांतल्या बहुतेकांना ठोस पुरावा मिळाला नाही. अभ्यासांनी पुन:पुन्हा दाखवले ते वेगळेच. देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी एकत्र केलेल्या २,८२६ रुग्णांच्या नोंदींत ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांनी स्टिरॉइड घेतले होते. सोळा केंद्रांच्या दुसऱ्या अभ्यासानुसार सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांतच रुग्णसंख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या दुप्पट झाली होती. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या आधीच इशारा मिळाला होता. ऑक्सिजनची गरज असलेल्या रुग्णाला ठरावीक मात्रेत, जास्तीत जास्त दहा दिवस द्यायचे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड गरज नसलेल्यांना, मोठ्या मात्रेत, साखर न मोजता दिले गेले. औषध चांगलेच होते. ते कोणाला, किती आणि कशावर नजर ठेवून द्यायचे, याची शिस्त सुटली.

त्या दिवसांत राज्याने केलेली काही कामे नोंदवून ठेवण्यासारखी आहेत. म्युकरचा उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेण्यात आला. अँफोटेरिसिनचा तुटवडा पडला तेव्हा वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने त्याच्या इमल्शन रूपाचे उत्पादन सुरू केले. सुमारे सात हजार रुपयांना मिळणारे इंजेक्शन तिथे बाराशेला मिळेल, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. साठ किलो वजनाच्या रुग्णाला लायपोसोमल औषध किलोमागे पाच मिलिग्रॅम द्यायचे म्हटले, तर रोज पन्नास मिलिग्रॅमच्या सहा कुप्या लागतात आणि त्याही काही आठवडे. या हिशेबावरून किमतीतला तो फरक एका कुटुंबासाठी काय असतो, हे कळते.

निदानाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या पुस्तकाचा जीव तिथे आहे.

सुरुवातीची लक्षणे साधी असतात आणि म्हणूनच फसवतात. एका बाजूचा गाल दुखणे, त्याच बाजूला मुंग्या येणे किंवा बधिरपणा, एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव, वरचे दात अचानक हलू लागणे, दात काढल्यावर जखम न भरणे, एकाचे दोन दिसणे, पापणी खाली येणे. मधुमेह किंवा स्टिरॉइडचा इतिहास असलेल्या माणसात यांतले एक लक्षण जरी एका बाजूला आणि नव्याने दिसले, तरी साध्या सायनसच्या दुखण्याची औषधे देऊन पाच दिवसांनी बोलावणे योग्य नाही. त्यात स्टिरॉइडची गोळी जोडणे तर अगदीच नाही. टाळूवरचा किंवा नाकातला काळा डाग हे आजाराचे उशिराचे चिन्ह आहे. तो काळेपणा मेलेल्या पेशीजालाचा असतो. त्याच्या आधी अस्तर फिकट पडते, त्याची संवेदना जाते, त्याला टोचले तरी रक्त येत नाही. दुर्बीण नाकात घातली तरच ही स्थिती दिसते आणि पाहणाऱ्याला ती ओळखता आली पाहिजे. अशी जागा सर्वांत जास्त वेळा सापडते ती नाकातल्या मधल्या शंखावर.

सीटी स्कॅन हाडाचे नुकसान दाखवतो, पण सुरुवातीला तो जवळजवळ साधा दिसू शकतो. स्वच्छ सीटीमुळे शंका दूर होत नाही. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्टचे औषध टोचल्यावरही नाकातला शंख उजळत नाही, काळाच राहतो, तेव्हा तिथले रक्त थांबले आहे असे समजायचे. तरीही अंतिम पुरावा पेशीजालाच्या तुकड्यातच असतो.

तो तुकडा घेतल्यावर काय करायचे, याबद्दल आपल्या भागात सर्वाधिक गोंधळ आहे. संपूर्ण तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की पॅथॉलॉजीचा अहवाल येईल, पण बुरशी वाढवून पाहण्याची संधी गेली. तुकड्याचे दोन भाग करायचे : एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा सलाईनने ओलावलेल्या निर्जंतुक गॉजमध्ये, आणि तो त्याच दिवशी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पोहोचवायचा. तिथे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तो ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तासाभरात उत्तर मिळू शकते. रुंद, फितीसारखे, क्वचितच पडदे असलेले आणि जवळपास काटकोनात फुटणारे तंतू दिसले तर म्युकर गटाची बुरशी. बारीक, नियमित पडद्यांचे, लघुकोनात फुटणारे तंतू दिसले तर बहुधा ॲस्परजिलस. वाढवण्यासाठी तुकडा कुटायचा नाही. म्युकरचे तंतू नाजूक असतात, कुटले की मरतात. रक्तातल्या गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकॅन या तपासण्या म्युकरमध्ये नकारार्थी येतात, तेव्हा त्यांवर विसंबून राहून उपयोग नाही.

दोन बुरशींमधला हा फरक जीवनमरणाचा आहे. ॲस्परजिलसवर व्होरिकोनाझोल हे पहिले औषध. म्युकरवर ते चालतच नाही. चुकीच्या औषधावर गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात अँफोटेरिसिन सहा दिवस उशिरा सुरू झाले, तेव्हा बारा आठवड्यांतले मृत्यू जवळपास दुप्पट झाले. हे पुस्तक 'पहिला आठवडा' हे शब्द इतक्या आग्रहाने वापरते, त्यामागे हाच पुरावा आहे.

उपचार तीन बाजूंनी एकाच वेळी करावा लागतो : साखर आणि आम्लता ताब्यात आणणे, मेलेला भाग काढणे आणि औषध सुरू करणे. यांतली एक बाजू लंगडी राहिली तर उरलेल्या दोघींचा जोर पुरत नाही, कारण मेलेल्या भागात रक्त जात नाही आणि म्हणून औषधही पोहोचत नाही. अँफोटेरिसिनच्या निरनिराळ्या रूपांच्या मात्रा वेगवेगळ्या आहेत. एकाची मात्रा दुसऱ्याला लावणे जिवावर बेतू शकते. हे औषध डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचे. नॉर्मल सलाईनमध्ये त्याचा गाळ होतो. मग त्या डेक्स्ट्रोजसाठी इन्सुलिनचा हिशेब करायचा, रोज क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहायचे, मॅग्नेशियम विसरायचे नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला हे माहीत असेल तर रुग्ण सुरक्षित राहतो. पुस्तकात परिचारिकांसाठी स्वतंत्र भाग आहे, तो म्हणूनच.

मतभेद आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. बुरशी डोळ्याच्या खोबणीत शिरली की डोळा काढायचा का, हा सर्वांत कठीण प्रश्न. एक परंपरा म्हणते, जीव वाचवायचा तर लवकर काढा. दुसरी म्हणते, डोळा काढल्याने मृत्यू टळतो असा ठोस पुरावा नाही. दृष्टी शिल्लक असेल तर डोळ्यामागे अँफोटेरिसिन टोचा, खोबण नेमकी साफ करा, एमआरआयने पाहत राहा. २०२१ च्या अनुभवाने दुसऱ्या मताला बळ दिले, पण निर्णय प्रत्येक रुग्णापुरताच होतो. दोन औषधे एकत्र द्यावीत का, पोसाकोनाझोल किंवा इसाव्हुकोनाझोलच्या गोळ्या किती महिने चालू ठेवाव्यात, यावरही एकमत झालेले नाही. पुस्तकाने प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजू मांडून आपला कल स्पष्ट सांगितला आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. टाळू गेलेल्या माणसाचे पाणी नाकातून बाहेर येते, बोलणे कळत नाही, लग्नाकार्यात जेवायला बसायची लाज वाटते. ऑब्ट्युरेटर नावाची कवळीसारखी पट्टी बसवली की तो पुन्हा बोलू आणि जेवू लागतो. कृत्रिम डोळा, गालाच्या हाडात बसवलेले दातांचे इम्प्लांट, समुपदेशन या सगळ्यांना मराठीतल्या वैद्यकीय लिखाणात आजवर फार कमी जागा मिळाली आहे.

आता हे पुस्तक ज्या भागाला समोर ठेवते, त्या सोलापूरविषयी. १९६३ मध्ये सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे लोकांचे 'सिव्हिल', हे या भागातले मोठे आधारस्थान आहे. तिथे अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळ्याहून लोक येतात. धाराशिव, लातूरकडून येतात. सीमेपलीकडच्या विजयपुरा आणि कलबुर्गी जिल्ह्यांतूनही येतात. यंत्रमागावरचा कामगार, विड्या वळणारी बाई, ऊसतोडीवरून परतलेले कुटुंब यांच्यापैकी कोणालाच रोज बुडवून नाकाच्या दुखण्यासाठी शहर गाठणे परवडत नाही. मग आधी दुकानातून गोळी येते, नंतर ओळखीच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन, आणि डोळा बंद झाल्यावर एसटी. शिवाय रुग्ण मराठीत बोलेलच असे नाही. कन्नड, तेलुगू किंवा उर्दूत तो 'गाल जड वाटतो' एवढेच म्हणतो आणि त्यातून बधिरपणा ओळखायचा असतो. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांसाठी लिहिलेली मार्गदर्शक तत्त्वे हा रस्ता गृहीत धरत नाहीत. हे पुस्तक तो गृहीत धरते.

आत्ताच हे का, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या सर्वेक्षणानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि त्याहून जास्त लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. कर्करोगावरचे उपचार आणि अवयवरोपण आता मध्यम शहरांतही होऊ लागले आहे. त्याबरोबर प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसांची संख्या वाढणार. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशीजन्य रोगकारकांची पहिली प्राधान्य यादी काढली आणि म्युकर गटाला त्यात वरच्या श्रेणीत ठेवले. म्हणजे पुढची साथ येवो न येवो, रुग्ण येत राहणार आहेत.

हे पुस्तक तज्ज्ञांच्या इंग्रजी ग्रंथांची जागा घेऊ पाहत नाही. त्याचा वाचक वेगळा आहे : तालुक्याचा जनरल प्रॅक्टिशनर, दंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, वैद्यकीय विद्यार्थी आणि रुग्णाच्या उशाशी बसलेला मुलगा किंवा सून. लेखकांनी कान-नाक-घसा, नेत्र, दंत, सूक्ष्मजीव आणि औषधशास्त्र या विभागांतल्या भिंती मुद्दाम पाडल्या आहेत, कारण हा आजार त्या भिंती मानत नाही. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला आहे : या क्षणी, या साधनांत, पुढचे योग्य पाऊल कोणते? भाषा मराठी आहे, कारण पहाटे तीन वाजता संमतीपत्रावर अंगठा उमटवणाऱ्या आईला आपण कशाला होकार देतो आहोत, ते समजण्याचा हक्क आहे. आणि तिला ते समजावून सांगणाऱ्या तरुण डॉक्टरला त्यासाठी शब्द हवे आहेत.

पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. मधुमेही माणसाने चेहऱ्याच्या एका बाजूचे दुखणे सांगितले की त्याची साखर त्याच बैठकीत मोजावी. शंका आली तर फोन करून, चिठ्ठीत शंका स्पष्ट लिहून, त्याच दिवशी पुढे पाठवावे. 'काही नाही निघाले' तर ती चांगली बातमी मानावी, आपली फजिती मानू नये. आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी चोवीस तास व्हावी, अशी मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी आणि नागरिकांनी सतत लावून धरावी. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, काचपट्टी लागते, काही रुपयांचे रसायन लागते आणि शिकवलेली नजर लागते. पहिल्या तिन्ही गोष्टी सरकार देऊ शकते. चौथी घडवण्याचे काम या पुस्तकाने हाती घेतले आहे आणि ते वाचकाच्या साथीनेच पूर्ण होईल.